पाळण्याची गाडी की दोर

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच. सहा वर्षं बोललो नाही म्हणून ते काही आटत नाहीत. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, तर आधी सांगतो, घरात कोणी गेलेलं नाही. गेलाय तो आपला ट्रक.

परवा दवाखान्याच्या चढावर त्यानं आचका दिला आणि जागच्या जागी बसला. मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि बॉनेट इतक्या हलक्या हातानं लावलं की मला विचारायची गरजच उरली नाही. तुझी वहिनी म्हणाली, "बरं झालं, सुटला बिचारा." मला मात्र घास गोड लागेना.

आता नवी गाडी घेणं आलं. गाडी निवडणं हे माझं काम कधीच नव्हतं, तुला माहीत आहे. गाडी, करवती, कप्प्या, कमरेचे पट्टे, सगळं तू निवडायचास. मी गाडी हाकायचो आणि झाडाखाली दोर धरायचो. तू वर फांदी बांधून कापायचास, मी ती बुंध्याला दोराचे वेढे देऊन सावकाश खाली सोडायचो. सत्तावीस वर्षं मला त्यापलीकडे डोकं चालवावं लागलं नाही, आणि आता चालवायला गेलो तर ते कुरकुरतंय.

खारू आता धंद्यात आहे, हे तुझ्या कानावर आलं असेल. तूच तिला खार म्हणायचास ना, ती खारू. माझी लेक म्हणून सांगत नाही, पण झाडकामाच्या शाळेत दोन वर्षं काढून आली आहे आणि वर चढते तेव्हा पाहणाऱ्याची मान दुखते, तिचे पाय दुखत नाहीत.

तर अडचण अशी. मोठा ट्रक घ्यावा तर फांद्या अख्ख्या मावतात, पण गल्ल्यांत वळत नाही. छोटा टेम्पो घ्यावा तर वळतो, पण दोन फांद्यांत भरतो. म्हणून त्याच्या मागे ते भुगायंत्र जोडायचं, एका तोंडातून फांदी घातली की दुसऱ्यातून भुगा निघतो. पण ते यंत्र इतकं जड की छोट्या टेम्पोला ओढवत नाही. म्हणजे मधला टेम्पो. मधला टेम्पो ओढतो, पण त्यात ओले ओंडके टाकले की हौदा अर्धा रिकामा असतानाच टायर बसतात. मी कागदावर चौकोन काढून बघितले. चौकोन संपले, उत्तर काही येईना.

आणि तिसरी एक गोष्ट आहे, पाळण्याची गाडी. लांब लोखंडी हात, टोकाला पाळणा. माणसानं पाळण्यात उभं राहायचं, बटण दाबलं की शेंड्यापाशी. चढायला नको, दोर नको, खाली धरायलाही कोणी नको. मला ती फार आवडली आहे. खारूला मुळीच नाही. ती म्हणते, "बाबा, आपण झाडं उतरवतो, दिवे बदलत नाही."

तुझं काय मत? बाकी त्या दिवसाबद्दल काही लिहायला हे पत्र घेतलेलं नाही. गाडीपुरतं कळव.

तुझा दादा


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, असं मी तुझ्या वहिनीला सांगितलं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

मंगळवारी मी आणि खारू यंत्रांच्या दुकानात गेलो. दुकान कसलं, पटांगणच. विक्रेता भुवया उडवत बोलणारा, प्रत्येक वाक्याला "सर". त्यानं मला पाळण्यात उभं केलं आणि वर नेलं. धाकट्या, सत्तावीस वर्षं झाडाखाली काढली, पण झाडाचा शेंडा मी पहिल्यांदा त्याच्या उंचीवरून बघितला. तू रोज हे बघत होतास तर! खाली खारू मुठीएवढी दिसत होती. मला एकदम घेरी आली आणि मी "उतरवा उतरवा" म्हणून ओरडलो. विक्रेत्याला वाटलं मी खूश झालो. त्यानं आणखी वर नेलं.

खाली आलो तर खारू करवती बघत होती. तिला बॅटरीवरची एका हातात मावणारी छोटी करवत हवी आहे. मी म्हटलं, पेट्रोलच्या करवतीला दम असतो. ती म्हणाली, "दम खालच्या ओंडक्यांना लागतो. वर मला कान मोकळे हवेत. पेट्रोलचं मशीन चालू असलं की खालचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू येत नाही." हे मला पटलं, मी मान डोलावली. मग तिनं एक लोखंडी खुंटा दाखवला. बुंध्याला पट्ट्यानं आवळून बांधायचा, दोराचे वेढे सालीवर न घेता त्याच्यावर घ्यायचे, म्हणजे ओझं एका हातानं आवरतं. आणि त्याच्या शेजारी निळ्या दोराची वेटोळी.

तोच दोर. तू हौसेनं आणला होतास तसाच, निळा, साबणासारखा गुळगुळीत. मी म्हटलं, "हा नको."

"का?"

"घसरतो. तुझ्या काकाला याच दोरानं दगा दिला."

खारू म्हणाली, "बाबा, त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

मी जे कायम सांगतो ते सांगितलं. तू नवा दोर आणलास, मला म्हणालास, 'दादा, हा गुळगुळीत आहे, तीन वेढे घे.' मी तीन घेतले. तू फांदी कापलीस. दोर तरीही घसरला, तुझ्या डोक्यावर आवरून धरलेली फांदी सुटली आणि तुझा खांदा चेचला. खारू म्हणाली, "तीन वेढ्यांवर एवढ्याशा फांदीनं दोर पळतो?" मी म्हटलं, "पळाला." ती दोराचं टोक हातात घेऊन उलटसुलट करत राहिली.

खरं सांगू? सहा वर्षं मी हे इतक्यांदा सांगितलं आहे की मला आता तो दिवस आठवतो का माझं सांगणं आठवतं, हेच कळत नाही. तू दवाखान्यात उशीवर डोकं ठेवून म्हणालास, "दादा, दोर चांगला होता." मी म्हटलं, "म्हणजे मी खोटं बोलतो?" आणि तिथून आपलं बोलणं बंद झालं. करवतीला धार लावणाऱ्याच्या दुकानात सगळ्यांनी माझीच बाजू घेतली. त्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

असो. मी गाडीचं विचारत होतो. दवाखान्यामागचं निलगिरीचं झाड पुढच्या महिन्यात उतरवायचं आहे. डॉक्टरीणबाई मागे लागल्या आहेत, त्याचा एक फाटा त्यांच्या कौलांवर रेललाय. खारू काठी घेऊन झाडाकडे जाणारा बोळ मोजून आली. हातगाडी जाईल एवढाच रुंद. "पाळणा आत नेणार कसा, घडी घालून?" असं मला विचारते. मी म्हटलं, पलीकडच्या भिंतीवरून लांब हात टाकू. ती म्हणाली, "भिंतीपलीकडे शाळा आहे बाबा."

मला काही सुचत नाही. तू असतास तर एका मिनिटात सांगितलं असतंस.

दादा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

आज जे झालं ते लिहितो. लिहून झालं की न वाचता पाकीट बंद करणार आहे, म्हणजे परत खाडाखोड नको.

खारूनं माझं न ऐकता तो निळा दोर आणलाच. आज सकाळी आपल्या परसातल्या वाळलेल्या बुंध्यावर सराव करायचं ठरवलं. समोरचे बंबवाले बघायला आले होते. ते तू इथून गेल्यावर राहायला आले. आग विझवणाऱ्या बंबावर आयुष्य काढलेला माणूस, निवृत्त झाला तरी पहाटे उठून अंगणात पाण्याची नळी गुंडाळून ठेवतो. दोरांतलं त्यांना पुष्कळ कळतं.

खारू वर. कप्पीतून दोर ओवलेला, टोकाला एक ओंडका. दुसरं टोक माझ्याकडे. लोखंडी खुंटा अजून आणलेला नाही, म्हणून वेढे बुंध्यावरच घ्यायचे होते. वरून ती म्हणाली, "बाबा, दोर गुळगुळीत आहे. तीन वेढे घ्या."

तुझेच शब्द. दुकानात मीच तिला सांगितले होते, तिच्या ध्यानात नसणार, पण अगदी तेच.

मी मोठ्यानं मोजले. एक. दोन. तीन. "झालं?" "झालं." तिनं ओंडका ढकलला आणि दोर हातातून असा पळाला की हातमोज्यांतून धूर निघायचा बाकी. ओंडका धप्पकन जमिनीवर. कोणाला लागलं नाही. वरून खारू हसत म्हणाली, "काय बाबा, झोप लागली का?"

बंबवाले म्हणाले, "दोनच होते."

मी म्हटलं, "तीन. तुमच्यासमोर मोजले."

"परत घ्या बघू."

मी दोर बुंध्याला टेकवला आणि म्हटलं, "एक." बंबवाल्यांनी माझं मनगट धरलं. रागानं नाही, लहान मुलाचं धरावं तसं. म्हणाले, "हा एक कसला? दोर आत्ता कुठे झाडाला टेकलाय. पूर्ण फिरून परत इथं आला की एक."

मी दोर टेकवतानाच एक म्हणतो, धाकट्या. कायम म्हणत आलोय. कोणी शिकवलं नाही, आपलं आपणच शिकलो, तेव्हा कोणी चूक दाखवायलाही नव्हतं. माझे तीन म्हणजे झाडाभोवती दोन फेरे. आपल्या जुन्या जाड खरखरीत दोराला दोन पुरायचे, म्हणून तुला कधी आकडा सांगायची वेळच आली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलास. मी तीन म्हटलं. मी खोटं बोललो नव्हतो रे. आणि दोरही चांगला होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला मघापासून कळत नाहीये, पण आहेत.

मी त्या दोघांना सांगितलं की पाठीत उसण भरली, आणि आत येऊन बसलो. खारू अजून बाहेर दोर गुंडाळते आहे. तिच्या लेखी बाबांची गंमत झाली, एवढंच. तिला सांगावं का? सांगितलं तर माझ्या हाती दोर देऊन ती पुन्हा वर चढेल का? आणि न सांगता ती चढली तर? मी आता नीट मोजेन म्हणा. पण हाताला सत्तावीस वर्षांचं वळण आहे. वरून घाईनं हाक आली की हात माझं ऐकेल का त्याच्या सवयीचं, मी सांगू शकत नाही.

पाळण्याची गाडी घेतली की हा प्रश्नच मिटतो. उद्या जाऊन नक्की करून टाकतो.

दादा


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

पाळण्याची गाडी घेतली नाही. पण घ्यायला गेलो होतो. एकटाच. विक्रेत्यानं चहा मागवला, कागद पुढे केले, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या केल्या. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात दारात खारू. वहिनीनं सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही.

"बाबा, ही गाडी त्या बोळात शिरत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मग घेताय कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मला चढता येतं."

"तुला येतं गं. मला धरता येत नाही."

आणि मग मी सांगून टाकलं. तिथंच, फुल्यांच्या कागदासमोर. टेकवतानाचा एक, दोन फेरे, तू, खांदा, सगळं. विक्रेता पेनाचं टोपण हातात धरून उभा. मी थांबल्यावर हळूच म्हणाला, "सर, वेढे म्हणजे?" खारू त्याच्यावर डाफरली, "ते सर नाहीत." का ते मला अजून कळलेलं नाही.

घरी टेम्पोतून आलो. हो, मधला टेम्पो, तो दोन दिवस चालवून बघायला दिला होता, क्लच कडक आहे. चौकात गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "काकांना माहीत आहे?"

"त्याला दोर चांगला होता एवढं माहीत आहे. माझं नाही." वीस तारखेचं पाकीट बंद केलं होतं, पण टपालात टाकलं नव्हतं; ते आता याच्याबरोबर टाकतो.

"लिहा मग."

"लिहितोय पंधरा दिवस. पण गाडीबद्दल लिहितोय."

यावर ती रडली का हसली कळलं नाही, तोंड खिडकीकडे होतं.

दोन दिवस माझ्याशी फक्त बॅटऱ्या चार्ज झाल्या का एवढंच बोलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ताटावर बसलो असताना म्हणाली, "बाबा, तुम्ही माझा दोर धरायचा नाही. सहा तारखेला निलगिरीला बंबवाले काका धरतील. मी विचारलंय त्यांना."

मला लागलं. खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "मोजायला शिकेन की. म्हातारा झालोय, मठ्ठ नाही."

"शिका ना. पण मी वर असताना नाही शिकायचं."

तुझी वहिनी भाजी वाढता वाढता थांबली. खारूचं बरोबरच होतं. जेवणही झालं माझं, पण काय जेवलो ते विचारू नकोस.

दुपारी धारवाल्याकडे गेलो. करवतीला धार नको होती तरी. दुकानात नेहमीचे चौघं होते. मी उभ्यानंच सांगितलं की धाकट्याचा दोर चांगला होता, वेढा मी कमी घेतला. धारवाला म्हणाला, "अहो दादा, सहा वर्षं आम्ही त्याच्या दोराला नावं ठेवली. आता काय करायचं?"

मी म्हटलं, "आता मला ठेवा."

त्यानं कानस खाली ठेवली. म्हणाला, "त्याला कळवलंत?" जो तो हेच विचारतो.

तर कळवतो. दोर चांगला होता. तू निवडलेला होता आणि चांगला होता. तुझा खांदा माझ्यामुळे गेला, आणि धंद्यातलं नावही माझ्यामुळे गेलं. तू झाडं सोडून रोपवाटिकेत कुंड्या भरतोस, असं ऐकून आहे. माफी कशी मागतात हे मी पुस्तकात बघितलं नाही आणि कोणी शिकवलंही नाही, तेव्हा जमली नसेल तर जमली नाही.

दादा


७ मार्च

धाकट्या,

काल निलगिरी उतरली.

मधला टेम्पो घेतला, भुगायंत्र मात्र छोटं. ओंडके दोन खेपांत न्यायचे, एकदम लोभ करायचा नाही, असं खारूचं म्हणणं. लोखंडी खुंटा घेतला. निळा दोर आणखी एक घेतला. पाळण्याच्या गाडीवाल्या विक्रेत्यानं मला तरीही एक टोपी भेट दिली.

मला रस्त्यावर उभं केलं होतं. लाल जाकीट, हातात शिट्टी, बोळाच्या तोंडाशी माणसं अडवायची. खारू म्हणाली, "तुमच्याकडे रहदारी खातं." शाळा सुटायच्या आत कौलांवरचा फाटा उतरायला हवा होता. मला बोळातून झाड दिसत नव्हतं, फक्त शेंडा दिसत होता. बॅटरीच्या करवतीला आवाज कमी, त्यामुळे वरचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. ती विचारायची, "काका, किती?" बंबवाले म्हणायचे, "पूर्ण तीन." मग ती कापायची. दर वेळी विचारायची. दर वेळी माझा हात खिशात आपोआप फिरायचा. मी बोट मोडून बघायचो, टेकला, मग एक, मग दोन, मग तीन. आता मला येतं. येतं असं वाटतं. कोणाला सांगायची छाती नाही.

सगळ्यात मोठा फाटा गेला तेव्हा कौलं जराही हलली नाहीत. डॉक्टरीणबाई खिडकीत उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नेमका त्याच वेळी शिट्टी वाजवली, का ते माहीत नाही, रस्त्यावर कोणीच नव्हतं. एक सायकलवाला लांब होता, तो बिचारा उतरून उभा राहिला.

संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो तर खारू म्हणाली, तुझा फोन आला होता. मला नाही, तिला. दुपारी, ती दोर वाळत घालत होती तेव्हा. मी चारही पत्रं तुला मिळाली का विचारलं. ती म्हणाली, तसं काही बोलला नाहीस. तब्येत विचारली नाहीस, गाडी कुठली घेतली तेही नाही. एवढंच विचारलंस, "खाली दोर कोणाकडे होता?"

तिनं सांगितलं, बंबवाल्यांकडे. बाबा रस्त्यावर होते, शिट्टी घेऊन.

मग म्हणे तुझ्याकडून एक आवाज आला आणि फोन बंद झाला. मी तिला दहादा विचारलं, कसला आवाज? ती म्हणते, हसलास किंवा खोकलास, तिला नक्की सांगता येत नाही. वहिनी म्हणते खोकलाच असणार, रोपवाटिकेत दमटपणा फार. मी दोघींना आवाज काढून दाखवायला लावलं. खारूनं दोन्ही काढून दाखवले, मला दोन्ही सारखेच वाटले.

तर धाकट्या, हसलास का खोकलास, तेवढं कळव. खोकला असेल तर औषध घे, अंगावर काढू नकोस. तोवर मी आपला हसणं धरून चाललो आहे.

दादा